बदकांचा बाजार

आमच्या गावात कुणीही जिवंत बदक पाहिलेलं नव्हतं. तरी त्या दिवाळीत आमच्या घरात शे-दोनशे बदकं आली. लाल चिटाच्या कापडावर पिवळीधमक बदकं, माना वर करून सगळी एकाच दिशेला निघालेली. धाकट्या चुलत्यांनी कापड उजेडात धरून पाहिलं आणि निकाल दिला, की हे बगळे आहेत आणि त्यांना कावीळ झालेली आहे. आई हसली नाही. तिनं ते कापड शोभेसाठी घेतलंच नव्हतं. उंब्रजच्या बाजारात आम्ही पोरी हरवू नये म्हणून घेतलं होतं.

हे जरा नीट सांगते. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. दुष्काळ नुकताच मागं पडला होता. वडील पलटणीत होते, वर कुठंतरी, जिथल्या पत्रावर गावाचं नाव नसतं, नुसते आकडे असतात. मी सात वर्षांची, बहीण तीन वर्षांची. आई आठवड्यातून एकदा नदी ओलांडून उंब्रजला बाजाराला जायची आणि आम्हा दोघींना बरोबर न्यायची. घरी ठेवलं तर मी बहिणीचं काय करीन याची तिला खात्री नव्हती. एकदा मी बहिणीला काजळाच्या मिशा काढून शाळेत नेलं होतं आणि हा माझा मावसभाऊ म्हणून बाईंना ओळख करून दिली होती. बाईंनी त्याचं नाव हजेरीत घालायची तयारीही केली होती.

तर बाजार. उंब्रजचा बाजार म्हणजे एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला नदीकडं उतरणारी वाट, आणि मध्ये माणसांचा, पालांचा, धुरळ्याचा एक मोठा गोल. हायवेवरून ट्रक जायचे तेव्हा पालांची कापडं आत ओढली जायची, जणू सगळ्या बाजारानं एकदम श्वास घेतलाय. उसाच्या गाड्या सुरू झाल्या की बैलांच्या शिंगांतून वाट काढावी लागायची. माण तालुक्याच्या बाजूनं मेंढ्यांचे कळप यायचे आणि पाच मिनिटं सगळा रस्ता लोकरीचा होऊन जायचा. या सगळ्यात तीन वर्षांची पोर म्हणजे केवढी? आईच्या गुडघ्याएवढी.

आईनं आधी पदराचा उपाय केला. पदराच्या टोकानं बहिणीचं मनगट बांधलं. बहिणीनं ती गाठ दातानं सोडली आणि पदराचं टोक एका शेळीच्या तोंडात दिलं. पुढच्या बाजारी तिच्या पायात घुंगरं बांधली. कल्पना झकास होती, पण बाजारात निम्म्या बोकडांच्या गळ्यात तीच घुंगरं. आई एका आवाजामागं बाजारभर फिरली आणि शेवटी तिनं ज्याला कडेवर घ्यायला हात पुढं केले तो काळा, दाढीवाला बोकड होता. त्याच्या मालकानं म्हणे विचारलं, “बाई, घेताय का नुसतं लाड करताय?”

तेव्हा आईच्या डोक्यात कापड आलं. पोरांना असं काही घालायचं, की शंभर पावलांवरून, धुरळ्यातून, मान न वळवतासुद्धा कळलं पाहिजे, की ती बघा, ती आपली. दुकानदारानं फडताळातून तागा काढला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “वहिनी, हे खास तुमच्यासाठी ठिवलंय. कुनाला दावलं न्हाई.” आईनं बदकं पाहिली आणि जागच्या जागी फाडून घेतलं. शिंप्यानं मला परकर-पोलकं शिवलं, बहिणीला झगा.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच बाजारी आम्ही ते घालून निघालो. नदी गुडघ्याएवढी होती. आई पुढं, डोक्यावर रिकामी बुट्टी, कडेवर बहीण. पाण्यात आमची लाल-पिवळी सावली हलत होती आणि मला वाटत होतं, कापडावरची बदकं आता उतरतील आणि पोहत कराडकडं निघून जातील. मी एक-दोनदा परकर झटकूनही पाहिला.

बाजारात शिरल्यावर आईनं आम्हाला कुंभाराच्या रांजणांपाशी उभं केलं. तिला मिरच्या घ्यायच्या होत्या आणि मिरच्यांच्या ओळीत बहीण शिंकून शिंकून निळी पडायची.

“हितनं हलायचं न्हाई,” आई म्हणाली. “हिचा हात सोडायचा न्हाई. मिरच्या घिऊन आले मी.”

“किती येळ?”

“मिरच्या घ्यायला जेवढा लागतो तेवढा. आन् रांजणाला टेकू नगंस. फुटला तर कुंभार तुलाच ठिवून घेईल.”

कुंभार लगेच म्हणाला, “ठिवीन की. पानी भराया पोरगी पायजेच हाय.”

मी हात घट्ट धरला. हे मी कुणापुढंही शपथेवर सांगेन. बहिणीचा हात गरम आणि चिकट होता, भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखा. मी धरून उभी राहिले. आणि तेवढ्यात, दहा-बारा पावलांवर, एका माणसानं तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर एक पेटी उभी केली. पेटी हिरवी, तिला पितळेच्या चकत्या, आणि पुढच्या बाजूला दोन गोल भोकं. माणसाच्या हातात चिपळ्या होत्या. तो त्या वाजवत अगदी झोपाळू आवाजात म्हणत होता, दिल्ली बघा, आग्रा बघा, समिंदर बघा.

मी समुद्र पाहिलेला नव्हता. बदकं नाहीत, समुद्र नाही. माझ्या आयुष्यात पाण्याची सगळीच बाजू कच्ची होती.

दहा पावलं म्हणजे काही हलणं नव्हे, असं मी तेव्हा ठरवलं. आजही मला ते तितकंसं चुकीचं वाटत नाही. माझ्याकडं पैसे नव्हते, पण परकराच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या माणसानं शेंगा ओंजळीत घेतल्या, एक फोडून खाल्ली आणि मान हलवली. मी भोकाशी वाकले. आत काही दिसेना.

“हातानं डोळं झाक की,” तो म्हणाला. “उजेड आत आला तर समिंदर कसा दिसंल? दोनी हातानं.”

दोन्ही हातांनी. ऐकलंत ना? मी बहिणीला म्हणाले, “माझा परकर धर.” तिनं धरला असावा. मी दोन्ही हातांचे द्रोण केले, डोळ्यांभोवती लावले, आणि बाजार विझला.

आत अंधार होता आणि अंधारात एक पांढरं घर तरंगत होतं. मग एक किल्ला आला. मग उंट, एकामागं एक, कुठंही न जाता चालणारे. चिपळ्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. मग खूप वेळ काहीच आलं नाही, आणि मग सगळं निळं झालं. वरपासून खालपर्यंत निळं. त्या निळ्यावर एक होडी होती, नखाएवढी. मला आठवतं, की मी श्वास रोखला होता. मला वाटलं, तोंड उघडलं तर पाणी आत जाईल.

माझी बहीण आता सांगलीला असते. तिला यातलं काही आठवत नाही, त्यामुळं मी तिला दर वेळी मला हवं तसं सांगते. कधी समुद्र लाल असतो. कधी होडीत आमचे वडील असतात. पण तुम्हाला मी खरं तेच सांगते आहे. समुद्र निळा होता, होडी रिकामी होती, आणि मी तिला विसरले होते.

पेटीवाल्यानं खटका ओढला आणि निळं गेलं. मी डोकं बाहेर काढलं तर बाजार पांढरा झाला होता. इतका पांढरा, की माणसांना कडाच नव्हत्या. मी हात पुढं केला आणि चाचपलं. लाल काहीतरी दिसलं, लालावर पिवळी बदकं दिसली, आणि हातात एक गरम, चिकट हात आला. मी तो धरला. पुन्हा रांजणांपाशी येऊन उभी राहिले, इतकी सरळ, की कुंभार म्हणाला, “ही बघा, लष्करातली.”

आई आली. बुट्टी आता भरलेली होती. मिरच्या, मीठ, गूळ, चुलत्यांसाठी दोरखंड. चुंबळीवर बुट्टी ठेवलेली बाई कशी चालते ते तुम्ही पाहिलं असेल. मान खांबासारखी. डोळे समोर. खाली बघायचं म्हणजे आधी बुट्टी उतरवायला पाहिजे आणि उतरवली तर परत चढवायला माणूस पाहिजे. आईनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून लाल-पिवळं बघितलं, एक मोठं, एक लहान. मोजदाद पुरी झाली.

“चला,” ती म्हणाली.

आम्ही चाललो. माझ्या डोक्यात अजून समुद्र होता. पाय जमिनीला लागत नव्हते. आई पुढं, तिच्या मागं मी, माझ्या मागं तो हात. तो हात मुकाट येत होता. एरवी दर चार पावलांना थांबणारी, खडे उचलणारी बहीण आज कशी शहाण्यासारखी चालते आहे, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मध्येच किणकिण झाली. मी न वळता विचारलं, “बांगड्या कवा घातल्यास गं?” उत्तर आलं नाही. मला वाटलं, आईनं भरल्या असतील.

आणि मग मला बदकं दिसू लागली. खरंच. कापडवाल्यांच्या ओळीत एक बदकांचा झगा गेला. मग भज्यांच्या कढईपाशी एक बदकांचा सदरा. एका बाईच्या कडेवर बदकांचं टोपडं. मेंढ्यांच्या कळपामागून दोन भावंडं आली, दोघंही बदकांत. मला ते सगळं समुद्राचंच पुढचं चित्र वाटलं. पेटीतून बाहेर आलं असावं. सगळी बदकं माना वर करून, गर्दीतून, धुरळ्यातून हळूहळू पोहत होती आणि मी त्यांच्यातून चालले होते. इतकं सुंदर मला पुढं कधी वाटलं नाही. लग्नातसुद्धा नाही, आणि लग्नात माझ्यासाठी बॅंड होता.

चुलत्यांची तंबाखू तेवढी हायवेच्या कडेला मिळायची, म्हणून नदीकडं निघण्याआधी आई तिकडं वळली. तिथं वडाखाली तिनं एका बाईच्या मदतीनं बुट्टी उतरवली. मान चोळली. मग पदराचं टोक घेऊन ती बहिणीचं नाक पुसायला वाकली. नाक पुसलं. आणि वाकलेली तशीच राहिली.

“ही कोन गं?”

मी पाहिलं. माझ्या हाताच्या टोकाला एक पोर होती. बदकांचा झगा, हातात हिरव्या बांगड्या, गाल फुगलेले, आणि त्या गालात इतकी गोडीशेव भरलेली, की तिला तोंड उघडता येत नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती. अत्यंत समाधानानं.

“ही कोनाची पोरगी आनलीस?”

मी म्हणाले, “आपली.”

आईनं मला मारलं नाही. तेच भयंकर होतं. ती हायवेकडं वळली. एक ट्रक गेला, मग दुसरा. त्यांच्यामध्ये एवढी फट, एवढीशी.  मग आई एकदम बोलू लागली.

“त्यांनी पोरगी पाळन्यात बघितलीया, तेवढीच. म्हैना न्हाई ऱ्हायला सुट्टीला. चालती कशी, बोलती कशी, समदं पत्रात इचारत्यात. मी आता काय दावू त्यास्नी? झगा?”

बुट्टी तिथंच वडाखाली सोडून तिनं एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं त्या शेववाल्या पोरीला कडेवर घेतलं आणि बाजारात परत पळत सुटली. मी आईला पळताना पहिल्यांदा पाहिलं. चपला हातात नव्हत्या, पायातही नव्हत्या. कुठं गेल्या, आजतागायत कुणाला कळलं नाही.

पेटीवाला म्हणाला, “बदकाच्या झग्याची? बाई, सकाळधरनं बदकंच बघतोय मी. कंची सांगू?”

कुंभारानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली होती. “बांगडीवाल्याकडं जा,” तो म्हणाला. “आधी तितं जा.”

आमच्या बाजाराची ती रीतच होती. हरवलेलं पोर सापडलं, की कुणीही असो, त्याला उचलून बांगडीवाल्या चाचांच्या पालात नेऊन बसवायचं. बाई धान्याला जाईल न जाईल, कापडाला जाईल न जाईल, पण बांगड्यांच्या पालावरून गेल्याशिवाय तिचा बाजार संपत नाही. त्यामुळं चाचांच्या मागं, काचेच्या पेट्यांच्या आडोशाला, एक गोणपाट कायम अंथरलेलं असायचं आणि त्यावर कुणाचं तरी रडून दमलेलं पोर फुटक्या बांगड्यांचे तुकडे मांडत बसलेलं असायचं.

आम्ही पोचलो तेव्हा गोणपाटावर एक मुलगा होता. मुलगाच. बहीण नव्हती.

पालापुढं मात्र एक बाई होती. जमिनीवर बसून गुडघ्यांवर हात आपटत होती. आईच्या कडेवरची पोर तिनं पाहिली मात्र, ती अशी उठली, की दोन डझन बांगड्या खाली आल्या.

“माझी पोर! कुठं न्हेत हुतीस गं माझी पोर?”

चाचा म्हणाले, “ही तीच. ह्या बांगड्या मीच भरल्यात सकाळी. हिचा आंगठा लय मागं वळतो.” चाचा तोंडं विसरायचे, हात विसरायचे नाहीत.

बाईनं पोर हिसकावून घेतली, छातीशी दाबली, आणि आता आईवर तुटून पडणार तोच तिचं लक्ष माझ्या परकराकडं गेलं. मग स्वतःच्या पोरीच्या झग्याकडं. मग आईच्या तोंडाकडं.

“तुमची बी अशीच हाय?” तिचा आवाज खाली आला.

“अशीच. तीन वर्साची.”

“मला दुकानदार म्हनला, खास तुमच्यासाठी ठिवलंय.”

“मला बी त्येच म्हनला.”

“लांबनं दिसावी म्हून घेतला हो मी.”

“मी बी,” आई म्हणाली, आणि तिथंच पालाच्या खांबाला धरून रडायला लागली.

मला कुणीच काही बोलत नव्हतं. चाचांनी मला जवळ बोलावलं. त्यांची दाढी पांढरी होती आणि तिच्यात काचेचा चुरा चमकत होता.

“बेटी, तू बघितलंस ना तिला शेवटचं? कशी दिसते ती?”

“लाल झगा हाय. त्येच्यावर...”

“झगा सोड. झगे बाजारात शंभर हायत. पोर कशी हाय?”

मी तोंड उघडलं आणि मला कळलं, की मला माहीत नाही. रोज तिच्या शेजारी झोपत होते. तिचा हात डोळे मिटून ओळखते असं मला वाटायचं, आणि तेही आज खोटं ठरलं होतं. डोळे? दोन. नाक? वाहतं. मी आईकडं पाहिलं. आई काहीतरी सांगू लागली, गोरी न्हाई, सावळी न्हाई, आपल्या घरच्यासारखी हाय हो, आणि तिलाही पुढं सुचेना.

“बरं, दिसती कशी ते ऱ्हाऊ दे,” चाचा म्हणाले. “करती काय ते सांग. घरात एकटी सुटली तर कुठं सापडती?”

हे मला माहीत होतं! हे मी झोपेतही सांगितलं असतं.

“कशात तरी बसलेली असती,” मी म्हणाले. “परातीत बसती. पाटीत बसती. रिकाम्या हंड्यात बसली होती तवा निघंना, तेल लावून काढली. एकदा चुलत्याच्या बुटात बसायला गेली. तिला कशात तरी बसाया लागतंय. बसली की झोपती.”

चाचा उभे राहिले. त्या दिवसापर्यंत मी त्यांना कायम बसलेलंच पाहिलं होतं. ते चांगलेच उंच निघाले. पाल त्यांनी त्या गोणपाटावरच्या मुलाच्या भरवशावर सोडलं, म्हणाले, “कुनी आलं तर म्हन, आत्ता येतो,” आणि आमच्यापुढं चालू लागले. मागं आई, तिच्या मागं ती दुसरी बाई, शेववाली पोर आता छातीला घट्ट आवळलेली, आणि मी.

आधी रांजण. रांजणांत तर ती बसलेली असणारच, माझी खात्री होती. कुंभारानंच पुढं होऊन झाकणं काढली. मी एकेका रांजणात वाकून तिच्या नावानं हाक मारली आणि एकेका रांजणानं ती हाक मलाच परत दिली, जाड, गार, ओलसर करून. सोळा रांजण. प्रत्येकाच्या तळाशी थोडा थोडा अंधार होता, दुसरं काही नाही. सोळाव्यातून डोकं काढलं तेव्हा मी रडत होते आणि माझा रडण्याचा आवाज आत राहिलाच होता, थोडा वेळ.

मग रिकामी पोती. मग तेल्याचे डबे, तिथला माणूस हसला आणि आईचं तोंड बघून स्वतःच डबे सरकवू लागला. मग गाड्या, मागं कलवून ठेवलेल्या, जुवं आकाशाकडं. उन्हं कलली होती. लांबची माणसं बाजार आवरून निघाली होती आणि गर्दीत भोकं पडत चालली होती. हायवेवरचे ट्रक आता जास्त ऐकू येत होते. दर ट्रकला आई थांबायची, तो निघून जाईपर्यंत थांबायची, मग चालायची.

बाजाराच्या अगदी नदीकडच्या टोकाला बुट्ट्या विणणारी बाई बसायची. तिच्या भोवती सुपं, पाट्या, दुरड्या आणि कोंबड्या झाकायची मोठमोठाली डालगी, एकात एक, एकावर एक, पिवळी, नवीकोरी. ओल्या बांबूचा वास. ती विळीसारख्या सुऱ्यानं कामट्या काढत होती. आम्ही एवढी माणसं पळत येताना बघून तिनं सुरा खाली ठेवला आणि तोंडावर बोट ठेवलं.

“हळू,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय.”

एक मोठं डालगं उताणं होतं. त्यावर दुसरं पालथं घातलेलं, उन्हासाठी. तिनं वरचं अलगद उचललं. आत लाल चिटाची चुंबळ झाली होती आणि चुंबळीच्या मध्ये माझी बहीण झोपली होती, गुडघे हनुवटीला लावून.

“आपली आपनच येऊन बसली,” ती बाई हलक्या आवाजात सांगू लागली. “म्हनलं, नाव काय? तर म्हनती, बाळ. गाव कोंचं? तर म्हनती, आपलं. बाप काय करतो? तर म्हनती, पत्र. आता ह्येला कुठं हुडकू मी? म्हनलं, चाचाकडं पाठवावी, तवर झोपली. झोपल्यालं पोर उठवू नये, म्हून बसले राखत. एक गिऱ्हाईक आलं हुतं ह्याच डालग्याला. परत लावलं.”

मला वाटलं, आता आई तिला उचलून घेईल, छातीशी धरेल, ओरडेल, रडेल, जसं त्या दुसऱ्या बाईनं केलं होतं. मी जरा मागंही सरकले, कारण बहिणीनंतर माझा नंबर होता. पण आई डालग्यापाशी खाली बसली. मातीतच. हात आत घातला, बहिणीच्या पाठीवर ठेवला, आणि पाठ वरखाली होते आहे का ते बघत राहिली.

“उठवा की,” दुसरी बाई म्हणाली. तिचेच डोळे भरले होते.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “झोपू दे. आता मी हाय.”

“वडाखाली तुमची बुट्टी हाय म्हनला नव्हं? कुनी उचलंल.”

“उचलू दे.”

चाचा म्हणाले, “मी बघतो,” आणि गेले, लांबलांब ढांगा टाकत. दुसरी बाई काही वेळ उभी राहिली. मग तिनं आपल्या पोरीच्या मुठीतून कागदातली उरलेली शेव काढली, पोरीनं अजिबात तक्रार केली नाही, आणि ती डालग्याच्या काठावर ठेवून म्हणाली, “उठली की द्या तिला. येते मी. माझी एसटी हाय.” जाताना तिनं पोरीला कडेवरून खाली उतरवलं नाही. एकदाही नाही. आम्ही बघत होतो तोवर तरी नाही.

आईनं माझ्याकडं पाहिलं. आता येणार, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, “बस तिकडच्या अंगाला.”

मी डालग्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. बाजार मोडत होता. पालांच्या दोऱ्या सुटत होत्या आणि कापडं हळूच, दमल्यासारखी, खाली बसत होती. मेंढ्या नदीकडं चालल्या होत्या. धुरळ्याला सोनेरी रंग चढला होता आणि सगळे आवाज लांब गेले होते. बुट्टीवाली बाई पुन्हा कामट्या काढू लागली होती, आवाज न करता.

डालग्याच्या भोकांमधून ऊन बहिणीच्या तोंडावर पडलं होतं, छोट्या छोट्या चौकोनांत. मी एकेक चौकोन बघायला लागले. डावी भुवई मध्ये तुटलेली होती. कानाच्या पाळीमागं एक तीळ होता, मोहरीएवढा. वरचा ओठ मध्यभागी थोडा वर ओढलेला, जणू ती आता काहीतरी विचारणार. हनुवटीखाली एक बारीक व्रण, तो माझ्यामुळं झालेला, मी विसरून गेले होते. गालावर बांबूच्या विणीची खूण उमटली होती. मी सगळं पाठ करत होते, शाळेत पाढे करतात तसं, आणि पाठ झालं की पुन्हा पहिल्यापासून.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन गालावरून कानाकडं सरकलं. आईचा हात तिच्या पाठीवरच होता. मग बहिणीनं डोळे उघडले. हलली नाही, नुसते डोळे उघडले. वर आकाशाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, शेवेच्या कागदाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग तिनं मान वळवली. माझं नाक तिच्या नाकापासून वीतभरावर होतं.

“काय बघतीस?” ती म्हणाली.

“काय न्हाई,” मी म्हणाले, आणि बघत राहिले.